बारा बोर्डांची पूजा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सही येते, पेपर वाचता येतो, पाढे वीसपर्यंत पाठ आहेत. एवढ्या भांडवलावर मी सदुसष्टाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला बसले. हौस म्हणून नाही. सुनेने नऊ वर्षांची कंपनीतली नोकरी सोडून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेतला आणि तिला हात कमी पडत होते. माझे हात घरी रिकामे होते.

"तुम्ही नुसत्या बसा आई, मला सोबत होईल," ती म्हणाली.

"बसायला घरी खुर्ची आहे. काम असेल तर सांग."

मुलगा मनमाडला रेल्वेत आहे, आठवड्यातले चार दिवस तिकडेच असतो. त्याने आम्हा दोघींना विरोध केला नाही, कारण आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने माझ्यापुढे एक ताटली ठेवली. तिच्यात पायवाले रेझिस्टर होते, तांदळाएवढ्या अंगावर रंगीत पट्टे ओढलेले. तपकिरी म्हणजे एक, लाल दोन, नारिंगी तीन, असं वाचायचं आणि वेगवेगळ्या डबीत टाकायचं. ते मला दुपारपर्यंत जमलं. मग तिने खरा माल काढला. तो मोहरीपेक्षाही बारीक. त्यावर पट्टे नाहीत, काही नाही. चिमट्याने उचलायचा आणि सर्किट बोर्डावर त्याच्या जागी ठेवायचा. मी एकदा शिंकले आणि तीस-चाळीस नग एकदम गेले. फरशी झाडून त्यातले नऊ सापडले.

"शिंक आली तर मान तरी वळवायची, आई."

"शिंक विचारून येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मला तोंडाला मास्क आला. त्याच्या पाठोपाठ मनगटाला पट्टा आला. नायलॉनच्या साडीत बसून हालचाल केली की अंगात वीज साठते, आपल्याला कळतही नाही, पण आयसी, म्हणजे बोर्डावरची काळी चिप, मरते, असं तिचं म्हणणं. म्हणून साडी सुती हवी आणि मनगटाच्या पट्ट्याची तार अर्थिंगला जोडलेली हवी.

"म्हशीला दाव्याला बांधतात तसं बांधलंस मला," मी म्हटलं.

"म्हैस रवंथ करताना गप्प तरी असते."

अशी बोलते ती मला. लग्न होऊन आली तेव्हा तोंड वर करून बघत नव्हती. मला आताची बरी वाटते.

डिझाइन म्हणजे वस्तू दिसायला छान करणं, असं मी समजत होते. ते तसं नसतं. ती कॉम्प्युटरवर तांब्याच्या रेघा आखायची. कुठून वीज येणार, कुठे जाणार, कुणाला कुणाचा त्रास होणार नाही, याचाच सगळा विचार. दोन मजली घरात नळ फिरवतात तशा रेघा वरून खाली जायच्या आणि पुन्हा वर यायच्या. मी शेजारी बसून प्रश्न विचारायचे आणि ती उत्तरं द्यायची. कंटाळली की सांगायची, "आता कंटाळले." एकदा मी विचारलं की प्रत्येक आयसीच्या अगदी अंगाला खेटून हा एवढासा कपॅसिटर कशाला, वीज तर तिकडून येतेच आहे. ती समजावू लागली आणि अडखळली, तेव्हा मीच म्हटलं, "टाकी गावाबाहेर भरलेली असली तरी घरात माठ लागतो, असंच ना?"

"नऊ वर्षं मी नव्या पोरांना हे शिकवत होते," ती म्हणाली. "माठ कधी सुचला नाही."

तीन महिन्यांत मला सोल्डरिंग आलं. भिंगाखाली टाका, म्हणजे सोल्डरचा जोड, तपासणं तर तिच्यापेक्षा चांगलं आलं, कारण मला घाई नव्हती. चांगला टाका चमकतो आणि पायाला घट्ट बिलगून बसतो. वाईट टाका गोळा होऊन बसतो, कच्च्या पाकासारखा. माल तपासणं आणि बांधून देणं ही कामं माझ्याकडे आली.

पहिलं मोठं काम मिळालं ते पिंपळगावकडच्या एका माणसाचं. तो द्राक्षबागांना पाण्याच्या मोटारीचे पॅनेल बसवून द्यायचा. त्याला असा बोर्ड हवा होता की जमिनीत खुपसलेल्या दोन सळयांवरून ओल समजावी. जमीन कोरडी असेल तर मोटार आपोआप चालू व्हावी, ओली असेल तर होऊ नये. सुनेने तो बोर्ड कोऱ्या कागदापासून स्वतः आखला. त्याने चाळीस नग सांगितले. हंगामभर नीट चालले तर पुढचं सगळं काम आमचं.

या चाळीस नगांवर काय अवलंबून होतं ते तिने मला एकदाच सांगितलं, भाजी निवडताना. जुन्या कंपनीतल्या साहेबांनी तिची जागा दिवाळीनंतर महिनाभर धरून ठेवायचं कबूल केलं होतं. "पहिलंच काम परत आलं आई, तर मी मुकाट्याने गाळा सोडणार आणि नोकरी धरणार. आखणीच चुकली तर मग मी कशाच्या जिवावर दुकान मांडून बसू?" तिने आणखी दोन गवारीच्या शेंगा मोडल्या आणि विषय संपला.

खंडेनवमीच्या दिवशी अठ्ठावीस बोर्ड खोक्यात बांधून तयार होते आणि बारा ट्रेमध्ये होते. बाराही तपासून झाले होते, फक्त बांधायचे राहिले होते. सून झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाहेर गेली.

माझा नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होता. तिथे खंडेनवमीला पान्यापासून पॅनेलपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागायचं. बायकापोरांना आत सोडायचे, पेढे वाटायचे. घराएवढाली ती यंत्रं, कपाळाला कुंकू लावून गुरगुरत असायची. त्यांना कधी काही झालं नाही. मी आयुष्यभर तेच बघितलं होतं. हत्याराची पूजा करायची म्हणजे सगळ्या हत्यारांची करायची, एक ठेवून एक नाही.

मी बोर्ड भाजायच्या ओव्हनला लावलं, सोल्डरिंग आयर्नच्या स्टँडला लावलं, मीटरला लावलं, कॉम्प्युटरच्या कडेला लावलं. मग ट्रेकडे वळले. बोट पाण्यात बुडवून प्रत्येक बोर्डाला हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. सगळीकडे सामान दाटीवाटीने बसवलेलं होतं, पण एका कोपऱ्यात आयसीच्या पायांजवळ जरा मोकळी जागा होती. तिथेच लावलं. ट्रेवर झाकण घातलं आणि बाजूला ठेवला. दसऱ्यानंतर बांधायला काढले तेव्हा गिऱ्हाइकाला माल स्वच्छ द्यावा म्हणून पदराने पुसले. दिसायला लख्ख झाले. चाळीस बोर्ड गेले.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि फोन आला. सुनेने स्पीकरवर टाकला होता म्हणून मीही ऐकला.

"ताई, तुमचा बोर्ड सरकारी खात्यात लागलाय का?"

"का, काय झालं?"

"सकाळी अकराच्या आत कामाला हात लावत नाही. जमीन भेगाळलीय आणि हा म्हणतोय ओल आहे, मोटार नको."

"आणि अकरानंतर?"

"अकरानंतर एकदम गुणी. पण ताई, आमच्याकडची लाईट सकाळीच असते. बागवाले मला फाडून खातायत."

दोन दिवसांनी तो स्वतः आला, द्राक्षाच्या क्रेटमध्ये अकरा बोर्ड घेऊन. सुनेने एकेक टेबलावर लावून बघितला. अकराच्या अकरा व्यवस्थित चालले. सासरी भांडून माहेरी आलेली पोर माहेरात कशी शहाण्यासारखी वागते, तसं. तो माणूस म्हणाला, "ताई, मी खोटं बोलत नाही." ती म्हणाली, "मला माहीत आहे." तो गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ उठली नाही.

पुढचे तीन दिवस तिने स्वतःला खाल्लं. आखणी उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. जेवणाचा डबा तसाच परत घरी यायचा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "सकाळी शेतात असतं आणि दुपारी नसतं, असं काय?"

"थंडी. पण फ्रीजमध्ये ठेवून बघितला आई, चालतो."

"आणि दव?"

घरून मी मटकीला मोड आणायचा स्टीलचा डबा आणला. तळाशी ओलं फडकं, त्यावर वाटी उपडी, वाटीवर बोर्ड, वर झाकण. तासाभराने काढला आणि जोडला. सळया हवेत लोंबकळत होत्या, कोरड्या ठणठणीत. बोर्ड म्हणाला, ओल आहे.

मला वाटलं आता तिचा चेहरा उजळेल. झालं उलटंच. तिने अकराही बोर्ड एकेक करून डब्यात घातले. अकराही नापास. ताडून बघायला गाळ्यात चांगला बोर्ड एकही नव्हता, उरलेले सगळे बागांमध्ये होते.

"आयसीचे हे दोन पाय मी फार जवळ घेतले," ती म्हणाली. "दमट हवेत एकातून दुसऱ्यात गळती होते. आज अकरा पडलेत, उद्या बाकीचे पडतील. आखणीच चुकली माझी."

ती फोन घेऊन बाहेर गेली. गाळ्याच्या दारातून ऐकू येत होतं. साहेब, हो साहेब, सोमवारी नक्की कळवते.

मी भिंग ओढलं आणि एक बोर्ड खाली धरला. मला आखणीतलं कळत नव्हतं, पण टाके कळत होते. टाके चांगले होते. त्या दोन पायांच्या मधोमध, अगदी फटीत, पिवळट काहीतरी होतं. सोल्डरिंग केल्यावर फ्लक्सचा पिवळा चिकटा राहतो, तो आम्ही रोज बघतो. सुनेनेही बघितला असणार आणि सोडून दिला असणार. पण फ्लक्स डिंकासारखा चकाकतो. हे मंद होतं, पिठासारखं. पन्नास वर्षं मी कपड्यांवरून हळदीचे डाग काढलेत. मला हळद दुरूनही ओळखू येते.

तरी खात्री केली. कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी कापसाच्या टोकाला घेतलं आणि त्या फटीत टेकवलं. पिवळं होतं ते लाल झालं. साबणाने लाल होते ती हळद, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. दुसरा बोर्ड घेतला. तेच. तिसऱ्यात हळद होतीच, शिवाय कुंकवाचा एक कणही होता.

मी लगेच उठून तिला सांगितलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी हात धुतले आणि गाळ्यातल्या शेगडीवर चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत माझ्या मनात येऊन गेलं की कुणाला कळणार नाही. ती नोकरीला जाईल, पगार येईल, मी घरी बसेन. बोर्ड भंगारात जातील. आणि सांगितलं तर मला पुन्हा या टेबलाशी कोण बसू देईल? चौथी शिकलेल्या म्हातारीला कोण एवढं विश्वासाने काम देतं? चहा गाळताना मी दारातून तिच्याकडे बघितलं. फोन संपला होता, तरी ती तशीच भिंतीला टेकून उभी होती. तिने स्वतःला नालायक ठरवलं होतं, आणि तेही माझ्या बोटामुळे.

"आत ये," मी म्हटलं. "साहेबांना काही कळवू नकोस. बोर्ड मी बिघडवलेत."

"आई, उगाच समजूत काढू नका."

"मी कधी कुणाची समजूत काढली आहे?"

हे तिला पटलं असावं. ती आत आली. मी भिंग तिच्याकडे सरकवलं. "हळद आहे ती. खंडेनवमीची."

ती वाकली. एक बोर्ड बघितला, दुसरा बघितला. मग मान वर न करता विचारलं, "किती बोर्डांना लावली?"

"ट्रेमधल्या सगळ्या."

"म्हणजे बाराच. बाकीच्यांना?"

"ते बांधलेले होते. खोक्याला लावली, वरून."

तिने साखरेच्या डब्याशेजारची कुंकवाची डबी उचलली. एक कोरा बोर्ड घेऊन त्यावर चिमूटभर कुंकू टाकलं आणि मीटरच्या दोन सुया टेकवल्या. मीटरवर ओएल आलं. ओएल म्हणजे विजेला वाट नाही, एवढं मला तिनेच शिकवलं होतं. मग तिने त्यावर तोंडाने वाफ सोडली, आरसा पुसताना सोडतो तशी. ओएल गेलं. आकडा आला आणि खाली खाली घसरत गेला. दुसऱ्या कोऱ्या बोर्डावर नुसतीच वाफ सोडली. ओएल हललं नाही.

कोरडं कुंकू गप्प बसतं. ओल लागली की वाट देतं. जमिनीतली ओल मोजणाऱ्या बोर्डाला मी त्याच्याच अंगावर ओल लावून ठेवली होती.

"तो कोपरा मी मुद्दाम मोकळा सोडला होता, आई. सळयांकडून येणारा करंट फार नाजूक असतो, म्हणून आजूबाजूला काही नको होतं."

"मला ती मोकळी जागा वाटली."

"तीन दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या."

"हो. चुकलं माझं," मी म्हटलं. हे शब्द मी फार वेळा वापरलेले नाहीत. नवऱ्याला तर एकदाही ऐकवले नव्हते. "पण तू तरी तिथे काही लिहायचं होतंस."

"काय लिहू? इथे हळदकुंकू लावू नये?"

"लिहायला काय हरकत आहे?"

तिला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना. मला हसू येत नव्हतं. मी तिला म्हटलं, चहा गार होतोय.

गिऱ्हाइकाला फोन मी लावला. ती नको म्हणत होती, काहीतरी तांत्रिक कारण सांगू म्हणत होती. मी म्हटलं, तांत्रिक कारण सांगितलंस तर तो तुझ्या आखणीवर संशय धरेल, आणि आखणी बरोबर आहे. त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"आजी," तो म्हणाला, "दसऱ्याला पॅनेलला आम्हीपण हळदकुंकू लावलंय."

"बाहेरून लावलंय ना? मग लावा. पत्र्याला काही कळत नाही."

"आणि बारावा बोर्ड कुणाकडे असेल? त्याची तर तक्रार नाही."

तो त्यानेच दोन दिवसांत शोधला. एका म्हाताऱ्या बागवाल्याकडे होता. त्या गृहस्थाचा असल्या आपोआप चालणाऱ्या डब्यांवर विश्वास नाही. तो रोज सकाळी बॅटरी घेऊन जायचा, हाताने मोटार चालू करायचा आणि परत येऊन सांगायचा की डबा चांगला चालतोय.

बाराही बोर्ड मी धुतले. आयपीए नावाचं एक स्पिरिट असतं, डोकं दुखेल असा वास. ते मऊ दातब्रशवर घ्यायचं आणि आयसीच्या पायांमध्ये घासायचं, एकदा नाही, तीनदा, दर वेळी नवं स्पिरिट घेऊन. मग मंद ओव्हनमध्ये वाळवायचे. मग त्यावर पारदर्शक वार्निशचा एक हात. हे वार्निश आधीच मारायला हवं होतं, शेतात जाणाऱ्या मालाला ते लागतंच, असं सुनेने कबूल केलं. म्हणजे थोडी चूक तिचीही होती. मी ते बोलून दाखवलं. तिने ब्रश मोडेल इतक्या जोरात घासू नका म्हणून सांगितलं.

शनिवारी तो माणूस आला. बोर्ड माझ्यासमोर डब्यात घाला, म्हणाला. आम्ही फडकं ओलं केलं आणि तीन तीन बोर्ड डब्यात ठेवले. तो स्टूल ओढून डब्यासमोर बसला, हातावरच्या घड्याळाकडे बघत, लग्नाच्या मुहूर्ताला बसावं तसा. तासातासाने झाकण उघडायचं. चार तास गेले. आमचा जेवणाचा डबाही त्याने अर्धा खाल्ला. बाराच्या बारा कोरडे निघाले. सळया पाण्यात बुडवल्या की ओल म्हणायचे, बाहेर काढल्या की नाही म्हणायचे.

"मग ताई, पुढचे साठ घ्या करायला," तो उठत म्हणाला. "धुऊन, वार्निश मारून. आणि या आजींना दसऱ्याला सुट्टी द्या."

"सुट्टी कसली? मी टेबलाला लावीन," मी म्हटलं.

बागेतल्या बाकीच्या अठ्ठावीस बोर्डांनाही वार्निश मारायचं ठरलं. तो ते पाच पाच, सहा सहा करून आणून देणार होता. पहिले सहा सोमवारी सकाळी आले आणि मी धुवायला बसले. सून खाली वाकून नव्या साठांसाठी सामान मोजत होती, हात सोल्डरच्या पेस्टने भरलेले. टेबलावर तिचा फोन वाजला. साहेब. ती मान वर करून फोनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून तिने मान हलवली, नाही अशी.

"तूच बोल," मी म्हटलं.

"हात भरलेत आई. तुम्ही घ्या."

मी पदराला बोटं पुसली आणि फोन कानाला लावला. साहेबांनी तिचं नाव घेऊन विचारलं, कधीपासून येताय. मी सांगितलं, ती कामात आहे, येणार नाही. तिने तुमचे आभार मानायला सांगितलेत. आभाराचं तिने सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलं.

"आपण कोण बोलताय?"

"मी इथे बोर्ड धुते," मी म्हटलं, आणि फोन तिच्याजवळ नेऊन ठेवला.